रोजे मोजणारी सासू

२०२२ चा रमजान एप्रिलमध्ये आला होता. नागपूरचा एप्रिल कसा असतो ते विदर्भाबाहेरच्या वाचकांना सांगून कळणार नाही. आमच्या प्रताप नगरच्या गल्लीत मुसलमानांची घरे दोनच. त्यामुळे सहरीला उठवायला कोणी फिरत नाही, मोबाईलच्या गजरावरच सगळी मदार. सून माझ्याही आधी उठून चूल पेटवायची. चोविसावा रोजा उघडला तेव्हा माझ्या ध्यानात आले की पोरीचा एकही रोजा सुटलेला नाही. पाळीच्या दिवसांत बाईला रोजा माफ आहे, तो पुढे कजा करायचा असतो, आणि म्हणून पूर्ण महिन्यात तरुण बाईचे चार-सहा रोजे सुटतातच. सुटले नाहीत तर घरातल्या बायका त्याचा एकच अर्थ काढतात.

मी मोमिनपुऱ्यातल्या बहिणीला फोन लावला. बोलले एवढेच, "दुल्हन का अभी तक एक भी रोजा नहीं छूटा." तेवढे पुरले. इफ्तारीपर्यंत जाफर नगर, कामठी, अमरावती, सगळीकडून फोन सुरू झाले.

चाँदरातीला तिला पाळी आली. अडीच महिन्यांनंतर. इतका रक्तस्राव, की तिला पलंगावरून उठवेना. ईदच्या दिवशी शीरखुर्मा मी एकटीने केला, आणि आलेल्या बायका तिच्या खोलीत जाऊन तिला मुबारकबाद देऊन आल्या. तिने त्या सगळ्यांना सलाम केला. कोणाला काही सांगितले नाही.

हा लेख मी तिच्या परवानगीने लिहीत आहे. "माझं नाव नको, बाकी सगळं लिहा अम्मी," असे ती म्हणाली. आपल्या अंकांतून सासरच्या जाचावर लेकीसुनांनी पुष्कळ लिहिले आहे. ज्यांनी जाच केला त्यांनी लिहिलेले माझ्या तरी वाचनात नाही. मी तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले, तोंडी तलाकवर सभांमधून बोलले, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा शेजाऱ्यांना मिठाई वाटली. आणि घरात मी सुनेचे रोजे मोजत होते.

तिला पीसीओएस आहे हे आम्हाला २०२० पासून ठाऊक होते. ठाऊक होते म्हणजे कागदावर लिहिलेले होते. त्याचा अर्थ आम्ही 'गाठी' असा लावला आणि 'बहू को गाठें हैं' असे सांगत सुटलो. मुळात त्या गाठी नव्हेतच. अंडाशयात दर महिन्याला काही बीजकोश वाढू लागतात, त्यातला एक पूर्ण वाढून फुटतो आणि बीज बाहेर पडते. या विकारात ते अर्धवट वाढून थांबतात, सोनोग्राफीत त्यांचीच दाटी दिसते. बीज सुटत नाही म्हणून पाळी लांबते. पुष्कळ जणींच्या शरीरात इन्शुलिनला नीट दाद मिळत नाही, मग ते जास्त तयार होते, त्यातून पुरुषी संप्रेरके वाढतात, हनुवटीवर केस येतात, पोटावर चरबी साठते, आणि ती चरबी इन्शुलिनचा घोळ आणखी वाढवते. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ मध्ये सात बायकांच्या नोंदींवरून याचे वर्णन केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयाच्या शंभर बायकांत आठ ते तेरा जणींना हा विकार असतो. म्हणजे आपल्या कोणत्याही लग्नाच्या दस्तरखानावर बसलेल्या बायकांत तो आहेच.

आता वजनाचे पाहू. 'मोटी हो गई इसलिए औलाद नहीं हो रही' हे वाक्य मी स्वतः कितीदा बोलले असेन. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतील संशोधकांची तरुण मुलींची एक पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या मुलींत हा विकार आढळला त्यांतल्या ७१.८ टक्के लठ्ठ नव्हत्या. सडपातळ मुलींनाही तो होतो, आणि ज्यांचे वजन वाढते त्यांचे पुष्कळदा त्या विकारामुळेच वाढते. आम्ही कार्यालाच कारण ठरवले आणि पोरीला गुन्हेगार.

वजन उतरवण्याचा फायदा होतो, हे खरेच आहे. पण किती उतरवायचे? आहे त्याच्या पाच ते दहा टक्के कमी झाले तरी पुष्कळ जणींची पाळी मार्गी लागते, बीज सुटू लागते. सुनेचे वजन तेव्हा ७८ किलो होते, म्हणजे चार ते आठ किलो. हे साधे गणित मला कोणी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. माझ्या डोळ्यांपुढे निकाहच्या अल्बममधली ५८ किलोची मुलगी होती. तिला मी रोज त्या अल्बमशी ताडून पाहायची. आणि जेवायला काय वाढायची? इफ्तारीला तळलेली भजी, रूहअफजाचे दोन ग्लास, रात्री बिर्याणी. तिने घास कमी घेतला तर 'हमारे हाथ का पसंद नहीं आता', जास्त घेतला तर 'इसीलिए तो'.

चालायला जा, असे डॉक्टर म्हणाले. प्रताप नगरात ती जाऊ शकली. चौकातून खामल्याकडे सकाळी बायका चालायला निघतात, त्यांच्यात बुरखा घातलेली एकटीच असली तरी कोणी अडवत नाही, बघतात एवढेच. माझ्या बहिणीच्या सुनेला हाच सल्ला मिळाला होता. तिने मोमिनपुऱ्याच्या गल्लीत कुठे चालायचे? दोन घरांमधून स्कूटर निघत नाही. आमच्या मोहल्ल्यांमधून जलशांसाठी मैदान मिळते, क्रिकेटसाठी मिळते, बायकांना पहाटे तासभर फिरायला मात्र जागा नाही, आणि निवडणुकीच्या वेळी ती कोणी मागितल्याचेही मला आठवत नाही.

यापुढचा भाग पुरुष वाचकांनी जरूर वाचावा.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाच्या बाजूनेही काही ना काही कारण सापडते. त्याची पहिली तपासणी सगळ्यात सोपी आहे. दोन-चार दिवस परहेज, एका डबीत नमुना, संध्याकाळपर्यंत रिपोर्ट, खर्च काही शे रुपये. बाईच्या तपासण्या मोजा: आतून सोनोग्राफी, पाळीच्या ठरावीक दिवशी रक्त, नळ्या उघड्या आहेत का ते पाहण्यासाठी दुखवणारा एक्स-रे. कोणताही शहाणा माणूस सोप्याकडून अवघडाकडे जाईल. आपल्याकडे उलटे होते. माझ्या मुलाने दोन वर्षे डबी हातात घेतली नाही. "मला काय झालंय?" असे तो म्हणायचा आणि मी त्याच्या बाजूने उभी राहायची. सुनेला पीसीओएस आहे, दोषी सापडली आहे, मग मुलाला कशाला त्रास? मूल व्हायला दोघे लागतात आणि एकाला विकार असला म्हणून दुसरा आपोआप निरोगी ठरत नाही, हे आठवीच्या मुलाला कळेल. पदवीधर सासूला कळले नाही.

२०२२ च्या अखेरीस त्याने तपासणी केली. रिपोर्ट चांगला आला. हे मुद्दाम लिहीत आहे. वाईट आला असता तर 'बाई पोराच्या दोषामुळे शहाणी झाली' म्हणून वाचकांनी लेख बाजूला ठेवला असता. रिपोर्ट चांगला आला तरी ती दोन वर्षे गेलीच. त्याचा रिपोर्ट हाती नसल्याने डॉक्टरांना तिच्या गोळ्या पुढे नेता येत नव्हत्या, आणि ती सत्तावीसची एकोणतीस झाली होती.

गोळ्यांवरून सांगते. लेट्रोझोल हे मुळात स्तनाच्या कर्करोगाचे औषध, पण बीज सोडवण्यासाठीही चालते. आपल्या सरकारने २०११ मध्ये वंध्यत्वासाठी त्यावर बंदी घातली होती, ती २०१७ मध्ये उठली. मधल्या काळात, २०१४ साली, अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत पीसीओएस असलेल्या बायकांत जुन्या क्लोमिफीनने १९.१ टक्के जणींना मूल झाले, तर लेट्रोझोलने २७.५ टक्के. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने बीज सोडवण्यासाठी तेच पहिले औषध मानले. मुद्दा हा, की पीसीओएस म्हणजे वांझपण नव्हे. रस्ता लांब आहे, पायऱ्यांचा आहे: खाणेपिणे, चालणे, गोळ्या, इंजेक्शने, आणि आयव्हीएफ शेवटी. शहरातल्या मोठमोठ्या फलकांवर मात्र शेवटची पायरीच पहिली दाखवतात आणि घाबरलेली माणसे दागिने गहाण टाकून तिथे जातात.

आमच्याकडे फलकांच्या आधी दुसरी एक पायरी निघाली. एका नातलग बुजुर्गांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितले, "शरीयत ने इजाजत दी है, दूसरा कर ले." मी शेजारच्या खोलीत होते. मी गप्प राहिले, हे कबूल करते. सूनही ऐकत होती.

त्या बुजुर्गांना शरीयत किती ठाऊक आहे? सूरह शूराच्या ४९ व ५० व्या आयतींत मुलगे, मुली किंवा दोन्ही देणे आणि कोणाला निःसंतान ठेवणे, हे सगळे अल्लाहच्याच मर्जीचे म्हटले आहे. तिथे कोणत्याही बाईवर दोष ठेवलेला नाही. उम्मुल मोमिनीन हजरत आएशांना मूल नव्हते. त्यांना कमी लेखण्याची हिंमत आपल्यात कोणाची आहे? आणि फिकहचे जुने ग्रंथ उघडा. तरुण वयातच जिची पाळी बंद पडली आहे, अशा बाईची इद्दत कशी मोजायची, यावर त्या आलिमांनी शेकडो वर्षांपूर्वी पानेच्या पाने लिहिली आहेत. हनफी मताने तिला पाळी कायमची जाण्याच्या वयापर्यंत थांबावे लागे, तो तिच्यावर जुलूम होतो हे ओळखून नंतरच्या हनफी उलेमांनी मालिकी मताप्रमाणे एका वर्षाची मुदत मान्य केली. त्यांना सोनोग्राफी माहीत नव्हती. पण अशी बाई असते, ती आपल्यातलीच असते, आणि तिच्यावर अन्याय होऊ नये म्हणून कायदा वळवावा लागतो, हे माहीत होते. त्यांनी हैजवर मोकळेपणी लिहिले. आम्ही त्यावर कुजबुजतो आणि कुजबुजीतून निकाल देतो.

मन्नतीविषयी माझी तक्रार नाही. ताजबागला मीही जाते. पण धागा बांधायला, चादर चढवायला, हकीमाचे माजून खायला प्रत्येक वेळी सूनच गेली. मुलगा गाडी लावून बाहेर थांबायचा.

हे फक्त आपल्याकडेच चालते असे समजून कोणी खूश होऊ नये. आमच्या शेजारच्या काकू मला विचारायच्या, "काय वो बाई, सुनेचं काही हाय का नाही?" त्यांच्या घरात देवघराकडे कोण गेली नाही यावरून हिशोब होतो, आमच्यात रोज्यांवरून. फरक आहे तो वेगळाच. 'यांच्या चार बायका आणि चाळीस पोरे' हे ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. त्याला उत्तर म्हणून आपले वक्ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे देतात: मुस्लिम स्त्रीमागे १९९२-९३ मध्ये ४.४ मुले होती, २०१९-२१ मध्ये २.३६. आकडे बरोबर आहेत, मीही सभेत सांगितले आहेत. पण त्या भांडणात दोन्ही बाजूंना माझी सून दिसत नाही. बाहेरच्यांना मुसलमान बाई म्हणजे पोरांचा तांडा, आणि घरच्यांना रिकामी कूस. सरकारी दवाखान्याच्या रांगेत तिला एकीने सहज विचारले होते, "तुम्हाला किती?" तिने घरी येऊन ते हसत सांगितले होते.

सगळ्यात लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची. २०२३ मध्ये तिच्या रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाली. डॉक्टरीणबाईंनी समजावले की पीसीओएसमध्ये मधुमेहाचा धोका वाढतो. तीन-तीन महिने पाळी आलीच नाही तर गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते, आणि वर्षानुवर्षे दुर्लक्ष केले तर त्यातून कर्करोगही होऊ शकतो. म्हणजे मूल नको असते तरी तिला उपचार हवेच होते. तीन वर्षे आम्ही तिला दवाखान्यात नेत होतो आणि एकदाही तिच्यासाठी नेले नव्हते. नातवासाठी नेत होतो. कॉलेजात असल्यापासून तिची पाळी लांबायची, तेव्हा तिच्या माहेरीही 'शादी के बाद ठीक हो जाएगा' म्हणून सोडून दिले होते. लग्नाआधी मूल हवे नसते, म्हणून तोवर पाळी कोणाच्याच काळजीचा विषय नसतो.

आपल्या जमाती निकाहच्या वेळी मेहरची रक्कम लिहून घेतात, साक्षीदारांची नावे लिहून घेतात. शिबिरे भरवतात तेव्हा साखर आणि रक्तदाब मोजतात, ते चांगलेच आहे. त्याच शिबिरात पुरुषांच्या तपासणीचा कागद ठेवा, आणि जुम्याच्या बयानात एकदा तरी सांगा की बीवीला दवाखान्यात पाठवण्याआधी स्वतः जा. इमामसाहेबांना शरम वाटत असेल तर त्यांनी वर सांगितलेले ग्रंथ काढावेत. तिथे शरम नाही.

सुनेचे वजन आता ७३ आहे. पाळी चाळीस दिवसांनी येते, कधी पंचेचाळीस. गोळ्यांची तीन आवर्तने झाली, मूल राहिलेले नाही. पुढे काय करायचे ते दोघे मिळून ठरवतील. २०१४ च्या निकालानंतर मुसलमानांनाही बालन्याय कायद्याखाली दत्तक घेता येते, हे तिनेच मला सांगितले. बहिणीचा फोन अजून येतो. मागच्या रमजानमध्येही आला होता, पंधराव्या की सोळाव्या रोज्याला. "दुल्हन के कितने छूटे?" असे तिने विचारले.

मला माहीत नव्हते.