विंडोज १० चा सपोर्ट संपला. जुना कॉम्प्युटर भंगारात काढायचा का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. घोटीसारख्या बाजारपेठेच्या गावात झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानातलं जुनं मशीन अजून धडधाकट असतं, पण टीपीएम २.० चिप नसेल तर विंडोज ११ त्याला नाकारतं.

अशा मशीनवर लिनक्स मिंट मोफत टाकता येतं. ४ जीबी रॅम पुरते. आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून प्रिंटर आणि वायफाय तपासा. बॅकअप मात्र घ्याच, कारण इन्स्टॉल करताना ‘डिस्क पुसा’ निवडलं की सगळा डेटा जातो.

मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात असतोच. खरी अडचण श्रीलिपीची, ती विंडोजवर चालते. लग्नपत्रिका त्यातच करणाऱ्यांनी त्याच मशीनवर विंडोजही ठेवावं, फक्त त्यावर इंटरनेट वापरू नये.