पथकराची खतावणी

मा. व्यवस्थापकीय संचालक,
महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, मुंबई यांस



बोरघाटातून चाकाच्या गाड्या जाऊ लागल्या त्या 1830 साली. त्याच घाटातून आपल्या महामंडळाने साडेचौऱ्याण्णव किलोमीटरांचा सहापदरी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग काढून 2002 साली तो कळंबोलीपासून किवळ्यापर्यंत सलग खुला केला, या कर्तृत्वाविषयी माझ्या मनात आदरच आहे. पथकर मुळातच अन्याय्य आहे असे मानणाऱ्यांपैकीही मी नव्हे. रस्ते व पूल यांवरील पथकराचा मुंबई इलाख्याचा कायदा 1875 चा, म्हणजे आपल्या पणजोबांच्याही आधीचा आहे. आणि ज्या रस्त्यासाठी सरकारने कर्ज काढले त्याची फेड त्या रस्त्याने जाणाऱ्याने करावी, यात तत्त्वतः वावगे काही नाही. माझे गाऱ्हाणे निराळे आहे. फेड चालू आहे, पण बाकी किती राहिली हे फेडणाऱ्यास कोणी सांगत नाही.

2004 साली आपण या मार्गाच्या आणि त्याच्या बाजूने जाणाऱ्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या वसुलीचा इजारा आयआरबी कंपनीस पंधरा वर्षांकरिता दिला आणि त्यापोटी 918 कोटी रुपये आगाऊ घेतले. (दोन्ही रस्ते एकाच इजाऱ्यात असल्यामुळे, द्रुतगती मार्ग नको असेल तर जुन्याने जा, या म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही, हे जाता जाता नोंदवतो.) ती मुदत ऑगस्ट 2019 मध्ये सरली; आणि पुढच्याच वर्षी, बांधकामाचा मूळ खर्च सुमारे सोळाशे कोटींचा असलेला हा मार्ग, सुमारे दहा वर्षांसाठी, त्याच उद्योगसमूहाकडे 8,262 कोटींना गेला. 918 ची ही बरोबर नऊपट! आपल्या दप्तरात हा आकडा यशाचा म्हणून नोंदला गेला असेल. मला तो बुचकळ्यात टाकतो. मक्तेदार काही धर्मादाय म्हणून रक्कम भरत नाही. भरलेले मुद्दल, त्यावरचे व्याज, दुरुस्तीचा खर्च आणि आपला नफा, हे सारे तो अखेरीस 1 एप्रिल 2023 पासून 270 ऐवजी 320 रुपये देणाऱ्या मोटारवाल्याकडूनच उगवणार. मग दुसऱ्या खेपेस मोलाचे ठरलेले उत्पन्न पहिल्या खेपेस इतके स्वस्त का सुटले, आणि मूळ कर्ज फिटले असेल तर नवी रक्कम कोणत्या कामाच्या खाती जमा झाली? ती राज्यातील दुसऱ्या एखाद्या मार्गाकडे वळवली असेल, तर तेही कदाचित समर्थनीय ठरेल. परंतु मग पुण्याचा प्रवासी आपल्या रस्त्याचे ऋण फेडीत नसून दुसऱ्याच्या रस्त्याचे भांडवल उभारीत आहे, हे त्याला उघड सांगितले पाहिजे.

सावकाराविषयी आपल्या समाजाचे मत काही चांगले नाही. तरी त्या सावकारावरसुद्धा 1946 च्या कायद्याने रोजकीर्द आणि खतावणी ठेवण्याचे, तसेच ऋणकोला हिशेबाचा उतारा देण्याचे बंधन घातले. पथकरदात्याचा अधिकार त्या ऋणकोहून कमी का असावा?

हिशेब दडला की त्याची जागा असंतोष घेतो. कोल्हापुरात शहरातल्याच रस्त्यांवर नाके उभे राहिले, तेव्हा प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्यासारखी वयोवृद्ध माणसे रस्त्यावर उतरली, जानेवारी 2014 मध्ये नाके जळाले, आणि शेवटी सरकारने पथकर उठवून तो वसूल करणाऱ्या कंपनीला भरपाई देऊ केली. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर मोटारींना माफी मिळाली ती ऑक्टोबर 2024 मध्ये, विधानसभेची निवडणूक दारात उभी असताना. माफीचे मला वाईट वाटत नाही, कोणाला वाटेल? परंतु एके ठिकाणी आंदोलनाने आणि दुसरीकडे मतदानाच्या तोंडावर पथकर सुटला. जमा आणि खर्च यांचा मेळ बसला म्हणून सुटला असे दोन्ही ठिकाणी म्हणता येत नाही.

तेव्हा विनंती मोठी नाही. प्रत्येक नाक्यावर, दरपत्रकाइतक्याच ठळक मराठी अक्षरांत, मूळ खर्च, आजवरची वसुली, देखभालीवर गेलेली रक्कम, शिल्लक कर्ज आणि इजाऱ्याची अखेरची तारीख दाखवणारा फलक लावावा व तो दर तिमाहीस बदलावा. हे आकडे कोठल्या ना कोठल्या दप्तरात असणारच. नसतील, तर इजारे कशाच्या आधारे दिले गेले हा प्रश्न अधिकच गंभीर होतो. चालू इजारा 2030 साली संपेल. तिसऱ्याची निविदा काढण्यापूर्वी पहिल्या दोहोंचा ताळेबंद त्रयस्थ लेखापरीक्षकाकडून तपासून प्रसिद्ध करावा, आणि देणे फिटले असे आढळल्यास मोटारींना आणि मालवाहू गाड्यांना सारखीच फारखत द्यावी.

कळावे.

आपला,
एक पथकरदाता