समुद्रातला धंदा : आधी जिम्मेदारी, मग नफा

देहूच्या आमच्या कापडाच्या दुकानात गेल्या महिन्यात मोहल्ल्यातला एक तरुण आला. चाकणच्या एका कारखान्यात तो हवेच्या कॉम्प्रेसरची देखभाल करतो. म्हणाला, "चाचा, आम्ही तीन दोस्त नवा धंदा काढतोय. अंदमानच्या ज्वालामुखी बेटाला स्कुबा डायव्हिंगच्या सहली. कंपन्यांतली पगारदार मंडळी गिऱ्हाईक आहेतच. तुम्ही दोन लाख लावा, हिस्सा घ्या." आम्ही त्याला चहा पाजला आणि आठ दिवसांनी ये म्हणून सांगितले. त्या आठ दिवसांत जी चौकशी केली, ती आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवतो. कारण असे बेत घेऊन येणारी मुले आज घरोघर आहेत.

आधी माल काय, ते पाहू. बॅरन हे आपल्या देशातले एकमेव जागृत ज्वालामुखीचे बेट. पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासूनचे श्री विजयपुरम, तिथून ते ईशान्येला सुमारे १४० किलोमीटरवर आहे. दीर्घकाळ निजलेला हा डोंगर १९९१ मध्ये जागा झाला, आणि सप्टेंबर २०२५ मध्येही त्याने आग ओकली. बेटावर माणसाची वस्ती नाही. वनखात्याची परवानगी काढून जायचे आणि बेट बोटीतूनच पाहायचे. पाण्याखाली मात्र थिजलेल्या लाव्ह्याच्या काळ्या कड्यांवर प्रवाळ वाढले आहे, आणि ते पाहण्यासाठी शौकीन लोक चांगले पैसे मोजतात. अंतर इतके की रोज जाऊन-येऊन जमत नाही. म्हणून जेवण, झोप, सिलिंडरमध्ये हवा भरणे, सारे काही दिवस बोटीवरच.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहू. आमच्या दुकानात दिवाळीला न खपलेला तागा लग्नसराईत खपतो. फार तर भाव उतरवावा लागतो. बोटीवरची रिकामी जागा मात्र नांगर उचलला की गेली. डिझेल, खलाशी, स्वयंपाकी यांचा खर्च आठ माणसांना तेवढाच, बारांनाही तेवढाच. त्यात पावसाळ्याचे महिने धंदा बंद. अशा धंद्यात मालकाच्या मनात मोह शिरतो. हवा बिघडली तरी निघू या, एक माणूस जास्त घेऊ या, एक नोकर कमी करू या. कापडात असा मोह पडला तर गिऱ्हाईकाचा सदरा आटतो. इथे माणूस जातो.

हे उगाच भिववण्यासाठी लिहीत नाही. २ सप्टेंबर २०१९ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ 'कन्सेप्शन' नावाच्या अशाच मुक्कामाच्या बोटीला रात्री आग लागली. खालच्या मजल्यावर झोपलेली ३४ माणसे गेली. चौकशीत निघाले काय, तर रात्रीचा पहारा ठेवलेला नव्हता. कप्तानाला २०२४ मध्ये चार वर्षांची सजा झाली. एका माणसाच्या जागरणाची ती किंमत! आपल्या तारकर्लीला २४ मे २०२२ रोजी डायव्हिंगहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक दगावले. आणि लांब कशाला जायचे? आमच्या इंद्रायणीवर, देहूपासून जवळच, कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी गर्दीखाली कोसळला. चार जण गेले. धोक्याची पाटी तिथेही होती. पाटी लावली म्हणजे जिम्मेदारी संपली, असे आपण समजतो, हेच दुखणे आहे.

पाण्याखालचे गणित तर आणखी कडक. दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. तीस मीटरवर दाब चौपट, म्हणून सिलिंडर वरच्यापेक्षा चौपट लवकर संपतो. घाबरून झपाट्याने वर आले तर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात आणि माणूस लुळा पडू शकतो. सलग काही दिवस बुड्या मारल्यावर किमान १८ तास विमानात बसू नये, असा नियम आहे. म्हणजे सहलीचा शेवटचा दिवस कोरडा ठेवावा लागतो. जो एजंट तो दिवस वाचवून सहल स्वस्त करतो, तो गिऱ्हाईकाचा जीव विकून भाव पाडतो.

आठ दिवसांनी तो मुलगा आला. आम्ही विचारले, "रात्री पहाऱ्याला कोण? हवा बिघडून किंवा डोंगर पेटून सहल रद्द झाली तर आगाऊ घेतलेली रक्कम परत कुठून देणार? कॉम्प्रेसर हवा ओढतो तिथे इंजिनाचा धूर येतो का?" पहिल्या दोन्हींवर तो गप्प. तिसऱ्यावर मात्र तो अर्धा तास बोलला. फिल्टर केव्हा बदलायचा, तेलाची वाफ हवेत कशी उतरते, धुरातला विषारी वायू सिलिंडरमध्ये कसा जातो.

आम्ही म्हणालो, "बेटा, तुझा धंदा हाच आहे. तिकिटे कुणीही विकील. बोटवाल्याला शुद्ध हवा भरून देणारा कारागीर पाहिजे."

आमच्या कारागीर बांधवांनाही हेच सांगणे आहे. पाणबुड्यांचा पोशाख म्हणजे फेसाळ रबराच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेले नायलॉनचे कापड. त्याची शिवण आधी चिकटवतात, मग सुई आरपार न जाऊ देता टाका घालतात. हा पोशाख फाटतो, उसवतो. दुरुस्तीचा हा हात आपल्या शिंप्यांना शिकता येईल. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची डायव्हिंगचे शिक्षण देणारी संस्था आहे. ज्याला या धंद्यात पडायचे आहे त्याने आधी तिथे जाऊन पाण्यात उतरावे, मग भांडवलाची भाषा करावी.

दोन लाख आम्ही दिलेले नाहीत. नकारही दिलेला नाही. आधी शिकून ये, आगाऊ रकमेचे खाते वेगळे ठेव, आणि पहारेकऱ्याचा पगार हिशेबात सर्वांत वर लिही, एवढ्या तीन अटी कागदावर लिहून दिल्या आहेत. तो कागद घेऊन मुलगा परत आला तर रक्कम तयार आहे.