तोफेचे वजन आणि स्वदेशीचे मोल

देवळालीच्या माळरानावरून येणारा तोफांचा गडगडाट नाशिककरांना नवा नाही. भारतीय सेनेच्या तोफखान्याचे शिक्षण देणारी ‘स्कूल ऑफ आर्टिलरी’ येथेच आहे. अमेरिकी बनावटीची एम-७७७ आणि कोरियन आराखड्यावर गुजरातेत हजिरा येथे बनणारी ‘के-९ वज्र’ या दोन तोफा ९ नोव्हेंबर २०१८ रोजी येथेच समारंभपूर्वक सेनेत दाखल झाल्या. ‘तोपची’ या सरावाच्या वेळी या तोफा एकापाठोपाठ एक धडाडताना पाहणाऱ्याच्या मनात एक प्रश्न हमखास उभा राहतो : यांतली सर्वांत चांगली तोफ कोणती?

शस्त्रशास्त्र जाणणारा मनुष्य या प्रश्नाला सरळ उत्तर देणार नाही. तो उलट विचारील, “कोठे लढायचे आहे?” कारण प्रत्येक शस्त्र ही एक तडजोड असते. एक गुण वाढवला की दुसरा कोठे तरी घटतो.

तोफेचेच पाहा. आज आपल्या सेनेने मध्यम तोफेसाठी १५५ मिलिमीटर हा व्यास प्रमाण मानला आहे. नळीची लांबी या व्यासाच्या पटीत सांगतात. ३९ पट नळी म्हणजे सुमारे सहा मीटर, तर ५२ पट म्हणजे सुमारे आठ मीटर. नळी लांब असली की स्फोटाचा वायू गोळ्याला अधिक काळ रेटतो, गोळ्याचा वेग वाढतो आणि तो दूर जाऊन पडतो. पण लांब नळी जड असते, मोठ्या स्फोटाचा मागे बसणारा धक्काही मोठा असतो. तो सोसण्यासाठी तोफगाडा भक्कम हवा, तो ओढण्यासाठी वाहन मोठे हवे आणि त्या वाहनाला पेलणारे रस्ते व पूल हवेत. दहा-पंधरा किलोमीटरचा वाढीव पल्ला असा शेवटी डोंगरातल्या एखाद्या अरुंद वळणावर येऊन अडतो.

एम-७७७ ही तोफ टायटॅनियम या हलक्या पण महाग धातूच्या आधाराने सव्वाचार टनांच्या आसपास आणली गेली. चिनूक हेलिकॉप्टर तिला लटकवून उंच शिखरांकडे नेऊ शकते. त्यासाठी नळी आखूड ठेवावी लागली आणि पल्ला तीस किलोमीटरच्या घरात राहिला. ‘वज्र’ स्वतःच्या पट्ट्यांवर धावते, तोफचींना चिलखताचे कवच देते, चाळीस किलोमीटरच्या आसपास मारा करते; पण तिचे वजन आहे ४७ टन. दोन्ही तोफा उत्तम आहेत, आणि दोन्ही एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत.

ही तडजोड आजची नव्हे. उदगीरच्या रणात १७६० साली इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याने मराठ्यांना विजय मिळवून दिला. पुढच्याच वर्षी पानिपतावर त्याच तोफखान्याने आरंभी शत्रूची दाणादाण उडवली. पण लढाई सरकू लागली तेव्हा जड तोफा तिच्याबरोबर सरकू शकल्या नाहीत. अब्दालीच्या उंटांवरच्या हलक्या जंबुरका मात्र हव्या तेथे पोहोचत होत्या. पराभवाची कारणे अनेक होती. परंतु पल्ला आणि चपळाई यांचा हिशेब रणांगण कसा मागते, याचा हा धडा विसरता येत नाही.

आज हाच हिशेब ‘अटॅग्ज’ या स्वदेशी तोफेबाबत मांडला जात आहे. पुण्यात पाषाण येथील आयुध संशोधन व विकास संस्थेने २०१३ पासून ही तोफ घडवली. ५२ पट लांबीची नळी, विजेवर चालणारी यंत्रणा आणि विशेष गोळ्यांसह ४८ किलोमीटरपर्यंतचा पल्ला ही तिची बलस्थाने. सुमारे १८ टन वजन ही तिने मोजलेली किंमत. डोंगराळ सीमेवर हे वजन अडचणीचे ठरेल, असा आक्षेप घेतला गेला. तो रास्त आहे. त्याला ‘देशद्रोही टीका’ म्हणून उडवून लावणे हे स्वदेशीचे समर्थन नव्हे. सप्टेंबर २०२० मध्ये पोखरण येथे चाचणीत या तोफेची नळी फुटून काही जण जखमी झाले. त्याच पोखरणला सप्टेंबर २०१७ मध्ये एम-७७७ची नळीही फुटली होती. लोखंडाला देशभक्ती कळत नाही. त्याला कसोटी कळते.

मग स्वदेशीचा आग्रह कशासाठी? तडजोड कोणती करायची, हे ठरवण्याचा अधिकार आपल्या हाती राहावा यासाठी. १९८६ च्या करारानुसार बोफोर्सच्या ४१० तोफा आल्या. त्यांबरोबर आराखडेही आले. पण दलालीच्या वादळात तोफखान्याचे आधुनिकीकरण असे गोठले, की मोठ्या तोफांचा पुढचा करार व्हायला नोव्हेंबर २०१६ उजाडावे लागले. १९९९ साली कारगिलची शिखरे त्याच बोफोर्सनी भाजून काढली. आराखड्यांची बासने मात्र दीर्घकाळ बांधलेलीच राहिली. ती सोडून जबलपूरच्या कारखान्याने ‘धनुष’ घडवली. तिची नळी ४५ पट लांब केली आणि तिच्या पहिल्या सहा तोफा ८ एप्रिल २०१९ रोजी सेनेला सोपवल्या. विकत घेतलेल्या शस्त्रात दुसऱ्याने आपल्या रणभूमीसाठी केलेली तडजोड आपण पैसे मोजून पत्करतो. आराखडा आपला असेल, तर ती बदलता येते.

मार्च २०२५ मध्ये ३०७ अटॅग्ज आणि त्या ओढणाऱ्या ३२७ वाहनांसाठी सुमारे ६,९०० कोटी रुपयांचे करार झाले. तोफांच्या कामात पुण्याच्या भारत फोर्जचा वाटा मोठा आहे. तिचे ६५ टक्क्यांहून अधिक भाग देशातच मिळणार आहेत. हे अभिमानास्पद आहे. आणि उरलेला तिसरा हिस्सा कोठून येतो, हा प्रश्न त्या अभिमानाइतकाच आवश्यक आहे. अठरा टनांची तोफ वाळवंटात आणि मैदानात शोभेल. पण हिमालयासाठी हलकी स्वदेशी तोफ हवी, आणि ती घडवताना काही प्रयोग फसतील, हे समाजाने आधीच मान्य करायला हवे.

देवळालीच्या शेजारीच भगूर आहे. तेथे २८ मे १८८३ रोजी जन्मलेल्या स्वातंत्र्यवीर सावरकरांनी आयुष्यभर हिंदू समाजाला सैनिकीकरणाचा आग्रह धरला. त्या आग्रहाचा आजचा अर्थ केवळ गणवेश आणि संचलन एवढाच उरत नाही. धातुशास्त्राच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे नळीची झीज मोजत बसणारा अभियंता हाही त्या परंपरेचाच सैनिक आहे. घराघरांतली हुशार मुले परदेशाकडे डोळे लावून बसली असताना त्यांतली काही पाषाणकडे आणि जबलपूरकडे वळवणे, हे काम कोणत्याही मंत्रालयाचे नाही. ते कुटुंबांचे आहे. देवळालीचा गडगडाट ऐकून टाळ्या वाजवणे सोपे आहे. तोफेचे वजन एका टनाने कमी करणारा मुलगा किंवा मुलगी घडवणे कठीण आहे. राष्ट्राला गरज त्यांचीच आहे.