येऊर हिरवे का?

वर्तकनगरातून पश्चिमेला पाहिले, की येऊरचा डोंगर दिसतो. आपण सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर राहतो. याच अक्षांशावर अरबस्तानात आणि सहारात वाळवंट आहे. मग येऊर हिरवे का? दक्षिणेला अथांग समुद्र, उत्तरेला उन्हाळ्यात तापणारी भूमी आणि हिमालयाची भिंत. या स्थानामुळेच मोसमी वारे आपल्याकडे वळतात आणि सह्याद्रीला अडून कोसळतात. पण हे दान जेमतेम चार महिन्यांचे. ते जमिनीत मुरवून पुढे पुरवते जंगल. पायथ्याची बांधकामे वर सरकत राहिली, तर तोच पाऊस ओढे सोडून आपल्या घरात शिरेल. नकाशावरची जागा आपण निवडली नाही. येऊर राखणे मात्र आपल्याच हाती आहे.