हुबेहूबपणाचा मोह

संगणकावर तयार केलेला एखादा चित्रपट पाहून मंडळी बाहेर पडली, की बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य असते : "अगदी खरं वाटतं रे!" पाणी खऱ्यासारखे, केस खऱ्यासारखे, सिंहाच्या आयाळीतून वारा जातो तोही खऱ्यासारखा. या वाक्यात कौतुक आहे, रसग्रहण नाही. खरे दिसणे हीच जर कसोटी असेल, तर कॅमेऱ्याने काय घोडे मारले होते? जंगलात जाऊन सिंहाचे चित्रण करावे. शेकडो माणसांनी वर्षानुवर्षे संगणकापुढे बसून तो पुन्हा घडवण्याचे प्रयोजन काय? हुबेहूबपणा आणि जिवंतपणा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि पहिलीच्या नादात दुसरी हातची जाते, असे माझे मत आहे.

जॉन लॅसेटर यांचा 'लक्सो ज्युनियर' हा जेमतेम दोन मिनिटांचा चित्रपट 1986 साली आला. त्यात टेबलावरचे दोन दिवे आहेत, एक मोठा आणि एक लहान. दिव्यांना डोळे नाहीत, तोंड नाही, हात नाहीत. लहान दिवा चेंडूवर चढून उड्या मारतो, चेंडूतली हवा जाते आणि तो मान खाली घालतो. एवढेच कथानक! हा चित्रपट संगणकतज्ज्ञांच्या परिषदेत दाखवला गेला तेव्हा जिम ब्लिन हे नामवंत तज्ज्ञ लॅसेटर यांच्याकडे आले. आता हे सावल्यांच्या गणिताविषयी काही विचारणार, असे लॅसेटर यांना वाटले. ब्लिन यांनी विचारले, तो मोठा दिवा आई होता की बाप? लोखंडी दिव्याविषयी असा प्रश्न पडावा, यालाच मी जिवंतपणा म्हणतो.

हे साधले कसे? डिस्नेच्या जुन्या चित्रकारांनी हाताने काढलेल्या चित्रांसाठी काही नियम बसवले होते. उडी मारण्यापूर्वी अंग आखडून घ्यावे, चेंडू जमिनीवर आपटला की चपटावा आणि उसळताना लांबावा, वगैरे. लॅसेटर यांनी हेच नियम संगणकाला लावले. दिवा धातूचा, तो चपटा कसा होणार? तर त्याचे सांधे मिटवायचे आणि उलगडायचे. म्हणजे निसर्गाची नक्कल नाही, तर हालचालीमागे हेतू दिसला पाहिजे. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात आगपेटीतल्या काड्या नाचवल्या, तेव्हाही प्रेक्षकाला काडीची साल खरी वाटते की नाही याची चिंता त्यांना नसावी.

आमच्या घरी इंग्रजी कळणारे माणूस म्हणजे मी, आणि तेही अर्धेमुर्धे. 'वॉल-ई' (2008) मी मोबाइलवर पाहत होतो तेव्हा आजी शेजारी येऊन बसली. त्या चित्रपटाच्या पहिल्या बऱ्याच भागात संवाद जवळजवळ नाहीतच. ओसाड पृथ्वीवर कचरा दाबून त्याचे ठोकळे रचणारे एक यंत्र, दुर्बिणीसारखे दोन डोळे, भुवया नाहीत, तोंड नाही. थोड्या वेळाने आजीने विचारले, "ह्याला कुणी हाय का न्हाई रं?" संगणकतज्ज्ञ ब्लिन आणि आमची आजी यांचे प्रश्न एकाच जातीचे आहेत.

याउलट 'द पोलर एक्सप्रेस' (2004) पाहा. रॉबर्ट झेमेकिस यांनी टॉम हँक्ससारख्या नटाच्या अंगावर खुणा लावून त्याची हालचाल जशीच्या तशी संगणकात उतरवली. हालचाल खऱ्या माणसाची आणि तरी पडद्यावरची माणसे निष्प्राण! डोळे मेल्यासारखे आहेत, अशी टीका तेव्हा झाली. त्याआधी 2001 साली 'फायनल फँटसी : द स्पिरिट्स विदिन' या चित्रपटाने नायिकेच्या डोक्यावरचे सुमारे साठ हजार केस वेगवेगळे हलवून दाखवले; चित्रपट मात्र सपशेल आपटला. मासाहिरो मोरी या जपानी शास्त्रज्ञाने 1970 सालीच यंत्रमानवांविषयी लिहिताना इशारा दिला होता. बाहुली माणसासारखी दिसू लागली की आपल्याला आवडते. पण ती फारच जवळ आली आणि किंचित उणी राहिली, की एकदम शिसारी येते. त्याने कृत्रिम हाताचे उदाहरण दिले आहे. तो हात खरा समजून हातात घ्यावा आणि गार लागावा! गंमत म्हणजे बुनराकू या पारंपरिक बाहुल्यांना त्याने वरचे स्थान दिले. त्या जवळून मुळीच खऱ्या वाटत नाहीत, पण प्रेक्षागृहात बसलेला माणूस त्यांच्यात गुंतून जातो.

कोणी म्हणेल, हा तंत्रज्ञानाचा द्वेष झाला. तसे नाही. 'मॉन्स्टर्स, इंक.' (2001) मधल्या सलीच्या अंगावर तेवीस लाखांहून अधिक केस आहेत आणि ते सर्व संगणकाने हलवले आहेत. पण सली निळा आहे, त्याच्या अंगावर जांभळे ठिपके आहेत, डोक्यावर शिंगे आहेत. मेहनत तीच, पण ती जगात नसलेल्या प्राण्यासाठी खर्च झाली. 'स्पायडर-मॅन : इनटू द स्पायडर-व्हर्स' (2018) मध्ये तर उलटाच धीटपणा आहे. सेकंदाला चोवीस चौकटी उपलब्ध असताना नवख्या माइल्सला बाराच चित्रांवर हलवले आहे, म्हणून तो अडखळतो. शेजारचा मुरलेला पीटर चोवीसांवर सफाईने झेपावतो. अननुभव संवादात सांगावा लागत नाही.

रंगांविषयी आपण त्याहून कमी बोलतो. 'वॉल-ई'मध्ये ते इवलेसे रोप सापडेपर्यंत पृथ्वीवरचा हिरवा रंग राखून ठेवला आहे. सगळे तपकिरी, गंजलेले. म्हणून ते रोप डोळ्यांत भरते. 'इनसाइड आउट' (2015) मध्ये एका मुलीच्या मनातल्या भावना पात्रे होऊन येतात. आनंद पिवळा, दुःख निळे, राग लाल. आता दुःख निळे का? इंग्रजी भाषेत उदासीला निळा रंग आहे म्हणून. आमच्या वस्तीत निळा रंग म्हणजे 14 एप्रिलची मिरवणूक, झेंडे, गुलालासारखी उधळलेली निळी पूड. दुःखाशी त्याचा काही संबंध नाही. तरीही तो चित्रपट मला परका वाटला नाही, कारण रंगाचा अर्थ तो बाहेरून उसना आणून थांबत नाही, स्वतः घडवत नेतो. सोनेरी आठवणीच्या गोळ्याला निळ्या दुःखाचा हात लागतो आणि गोळा निळा होतो. आनंद धावून दुःखाला दूर ठेवते. पण आनंदचे केस पहिल्यापासून निळेच आहेत! शेवटी एक गोळा पिवळा आणि निळा असा दोन्ही रंगांचा होतो. मोठे होणे म्हणजे काय, हे इथे दोन रंगांत आले आहे. हुबेहूब चित्रणात हे कुठून येणार?

येत नाही, याचा पुरावा 'द लायन किंग'. 1994 चा चित्रपट हाताने काढलेला. छोटा सिंबा राजा होण्याचे गाणे म्हणतो तेव्हा आकाश, झाडे, प्राणी भडक गुलाबी-पिवळे होतात, कारण लहान मुलाच्या डोक्यातले राज्य तसेच असते. 2019 साली तोच चित्रपट संगणकावर इतका हुबेहूब केला, की या गाण्यात खरी वाटणारी पिल्ले मातकट गवतातून नुसती धावतात. बाप मरतो तेव्हा पिल्लाच्या चेहऱ्यावर फारसे काही उमटत नाही, कारण खऱ्या सिंहाच्या चेहऱ्यावर ते उमटत नसते. चित्रपटाने दीड अब्ज डॉलरहून अधिक कमाई केली, हे खरे आहे. आणि म्हणूनच काळजी वाटते.

हा वाद नुसत्या आवडीनिवडीचा असता, तर मी वार्षिकाची पाने अडवली नसती. आमच्याकडची दोन मुले घरच्यांनी कर्ज काढून शहरात ॲनिमेशन शिकायला धाडली आहेत. त्यांना कोणते बटण दाबले की केस हलतात हे शिकवतात. कोंबडी चालताना मान कशी झटकते हे कागदावर काढायला कोणी सांगत नाही. आणि आता तर संगणकाला एक वाक्य लिहून दिले, की तो हुबेहूब हलणारे चित्र आपणच करून देऊ लागला आहे. कर्ज फिटण्याच्या आत त्यांची विद्या फुकट वाटली जाणार. वास्तविक या मुलांपाशी भांडवल होते. बैल उठताना आधी मागचा भाग उचलतो, घोडा आधी पुढचे पाय टाकतो, दमलेला बैल मध्येच गुडघ्यांवर क्षणभर थांबतो, हे त्यांनी रोज पाहिले आहे. त्या थांबण्यात काय आहे हे ओळखून ते वाढवून दाखवणे, प्रसंगी त्या बैलाला निळा रंगवणे, ही त्यांची कला झाली असती.

आपल्या महाविद्यालयात चित्रपट दाखवायची सोय आहे, पडदाही आहे. पुढल्या सत्रात दोन्ही 'लायन किंग' एकापाठोपाठ दाखवावेत, अशी माझी सूचना आहे. गाण्यांनी आपण फसतो, म्हणून निदान बाप मरण्याचा प्रसंग दोन्ही वेळा आवाज बंद करून दाखवावा.