कार्टर यांचा शब्द आणि पनामाचा कालवा

वयाची शंभरी पूर्ण केलेल्या जिमी कार्टर यांचे २९ डिसेंबर २०२४ रोजी निधन झाले. त्यानंतर अवघ्या बावीस दिवसांनी डोनाल्ड ट्रम्प यांनी शपथविधीच्या भाषणात पनामा कालवा परत घेण्याची भाषा केली. कार्टर यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन याच कालव्याच्या काठावरून करणे उचित ठरेल.

जॉर्जियातील प्लेन्स या खेड्यातले भुईमुगाचे शेतकरी, नौदलातील माजी अधिकारी आणि राज्याचे गव्हर्नर असा प्रवास करून कार्टर १९७७ मध्ये अध्यक्ष झाले. वॉटरगेटने गमावलेला विश्वास परत मिळवणे, हेच त्यांचे भांडवल होते. अमेरिकेने बांधलेला कालवा १९१४ पासून तिच्याच ताब्यात होता. मात्र १९६४ मध्ये तेथे झेंडा फडकावण्याच्या वादातून रक्त सांडले होते. रुष्ट जनतेच्या मधोमध कालवा बंदुकीच्या बळावर राखण्यापेक्षा तिच्या संमतीने तो अधिक सुरक्षित राहील, हे कार्टर यांनी ओळखले. ७ सप्टेंबर १९७७ रोजी त्यांनी ओमार तोरिहोस यांच्यासह दोन करारांवर सह्या केल्या. त्यानुसार १९९९ च्या अखेरीस कालवा पनामाकडे जाणार होता; तो तटस्थ राहील, याचीही हमी होती.

हा निर्णय लोकप्रिय नव्हता. सिनेटमध्ये ६७ मतांची गरज असताना दोन्ही करारांना प्रत्येकी ६८ मते पडली. रोनाल्ड रेगन यांनी कालव्यावरील हक्क सोडण्याच्या विरोधात रान उठवले. १९८० मध्ये कार्टर दारुण पराभूत झाले. त्या पराभवामागे महागाई आणि तेहरानमधील ओलीस प्रकरण ही मोठी कारणे होती. तरीही ‘दुबळा अध्यक्ष’ ही प्रतिमा घडवण्यात कालव्याचाही वाटा होता.

पुढचा इतिहास मात्र कार्टर यांच्या बाजूने बोलतो. पनामाने कालवा नीट चालवला, एवढेच नव्हे तर २०१६ मध्ये मोठ्या जहाजांसाठी नवी जलद्वारे खुली करून त्याची क्षमता वाढवली. कालव्याच्या मुखांवरील बंदरे २०२५ मध्ये हाँगकाँगच्या कंपनीकडे असल्याची वॉशिंग्टनची चिंता चर्चेने सोडवता येण्याजोगी होती. बंदर चालवणे म्हणजे कालवा चालवणे नव्हे.

करारावर सही एका अध्यक्षाची असली, तरी शब्द राष्ट्राचा असतो. तो उत्तराधिकाऱ्याच्या मर्जीवर टिकणार असेल, तर उद्या कोणते छोटे राष्ट्र अमेरिकेच्या सहीवर विसंबेल?